स्पीकरवर हात ठेवा, अक्का

आमच्या चौथ्या मजल्यावरचे खंडेराव अण्णा घरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारत नाहीत. आधी त्याचा हात धरतात आणि कमरेएवढ्या उंच लाकडी स्पीकरवर तळवा टेकवून ठेवतात. मग ‘स्वल्प सोसा’ म्हणतात आणि बटण दाबतात.

पुढे जे सुरू होतं त्याला पॉवर मेटल म्हणतात. मुक्ता, हे नाव मला तूच फोनवर सांगितलंस, आणि तेही डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात तशा आवाजात. आपल्या सगळ्यांचं गाण्यांचं खातं एकच, त्यामुळे तुला टोरांटोत बसून दिसलं की बंगळुरातली आजी रोज दुपारी ढोल, किंकाळ्या आणि गिटारी ऐकते. तुझ्या भावाच्या, ईशानच्या मते खातं चोरीला गेलं होतं. तुमच्या आईने पासवर्ड बदलला. मी तिच्याकडून नवा मागून घेतला आणि पुन्हा तोच अल्बम लावला. तेव्हा आता खुलासा करणं भाग आहे. तुमचं मराठी वाचन हळू चालतं हे मला ठाऊक आहे, म्हणून सावकाशच लिहिते.

आजी कशी आहे ते तुम्ही जाणताच. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांवर इंग्रजीत नावं आहेत आणि ते वर्णानुक्रमे लावलेले आहेत, त्यामुळे तूरडाळ नेहमी हात न पुरणाऱ्या टोकाला असते. लहानपणी सिस्टरकडे थोडा पियानो शिकले. त्या जोरावर संगीतातलं आपल्याला कळतं असा समज मी आयुष्यभर जपला. जयनगरच्या या इमारतीत राहायला आले आणि लगेच सोसायटीची सेक्रेटरी झाले. कारण एवढंच की पहिल्या बैठकीला वेळेवर पोचलेली मी एकटीच होते.

सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलेली पहिली तक्रार अण्णांची. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्याखाली, शर्मिला नावाची मुलगी घरून काम करते. संध्याकाळी सहाला तिची अमेरिकेशी मीटिंग असते आणि सहालाच अण्णांची बैठक. तिच्या साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, तुमच्या शहरात सगळं शांत आहे ना?

मी टाइप केलेले नियम घेऊन वर गेले. दार उघडलं ते धुतलेल्या पांढऱ्या लेंग्यातल्या, अत्यंत सभ्य चेहऱ्याच्या गृहस्थांनी. मला नमस्कार केला, माझ्या हातातले नियम काढून घेतले, ते नीट घडी करून टीव्हीवर ठेवले आणि माझा रिकामा झालेला हात स्पीकरवर नेऊन ठेवला.

अण्णा दातांचे डॉक्टर होते. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं असं ते सांगतात, आणि त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, तेव्हापासून ते वाटेतल्या प्रत्येक कानडी शब्दाला घरात घेत आलेत. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण बोलणं तिथेच राहिलं आहे. दात उपटताना ते ‘स्वल्प सोसा’ म्हणत आणि दात निघाला की ‘सरी’. सरी म्हणजे ठीक, झालं, उठा आता. अल्बम ऐकवतानाही ‘स्वल्प सोसा’ येतं. ‘सरी’ मात्र मी कुणाला मिळालेलं पाहिलं नव्हतं. शेवटी ते फक्त ‘हं’ म्हणतात आणि पाणी आणायला जातात.

अजून एक विचित्र गोष्ट. दातांचा डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघेल की नाही? अण्णा पूर्ण वेळ हाताकडे बघतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी नखं बघताहेत. घरी येऊन मी ती कापली.

आता अल्बमविषयी, कारण त्याच्यावर अन्याय होऊ नये. तो कुठल्याशा थंड देशातल्या पाच जणांनी केला आहे आणि तो आमच्या इमारतीबाहेर फारसा कुणी ऐकत नसावा. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर, डोंगरावर किल्ला आणि किल्ल्यासमोर एकटा उभा असलेला मोठा काळा पियानो. आत फोटो आहे: चौघांचे केस कमरेपर्यंत आणि पाचव्याला टक्कल. टक्कलवाला कीबोर्ड आणि पियानो वाजवतो. अण्णा त्या पाचांना ‘आपली पोरं’ म्हणतात आणि टक्कलवाल्याला सगळ्यांत हुशार मानतात. का विचारलं तर म्हणाले, “केसांत वेळ घालवला नाही बघा अक्का, म्हणून बोटं चालतात.”

सुरुवातीला वारा वाहतो, घंटा वाजते आणि मागून कीबोर्डवर व्हायोलिनांचा ताफाच्या ताफा उभा राहतो. मला वाटलं, छान आहे की. मी चेहऱ्यावर जाणकार भाव आणला. तेवढ्यात ढोल सुटले. दोन्ही पायांनी वाजवतात म्हणे. शिलाई मशीन पिसाळलं तर जसं होईल तसं. त्यावर गाणारा मुलगा इतक्या वरच्या पट्टीत शिरतो की शेपटीवर पाय पडलेलं मांजरही त्याला गुरू करेल. माझा जाणकार भाव चेहऱ्यावर जिथे होता तिथेच थिजला. अण्णा शांतपणे माझ्या हाताकडे बघत होते. “हे दगड आहेत,” ते म्हणाले, “डोंगर चढायचा म्हटलं की दगड लागणारच. पियानो वर आहे.”

तो वर असलेला पियानो सहाव्या गाण्यात भेटतो. सगळा दंगा एकाएकी थांबतो आणि पियानो एकटा वाजतो, फार थोडा वेळ, एखादं मूल मोठ्या माणसांच्या गर्दीतून बाहेर येऊन अंगणात उभं राहावं तसा. मग ढोल परत येतात, पण ते आता त्याच्या मागून चालतात. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी अण्णांना एवढंच सांगितलं की माझ्या सिस्टरना डाव्या हाताचं हे काम पसंत पडलं नसतं.

नवरात्रात तर कमाल झाली. आमच्याकडे घरोघरी बाहुल्यांची मांडणी करतात, बायका बघायला येतात आणि तांबूल घेण्याआधी प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं अशी पद्धत आहे. अण्णांच्या पत्नी वारल्या होत्या, मी इथे राहायला येण्याच्याही आधी, पण त्यांच्या बाहुल्या अण्णा दरवर्षी स्वतः मांडतात आणि बायकांना आग्रहाने बोलावतात. आम्ही सगळ्या रेशमी साड्या नेसून गेलो. दासांचं एखादं कानडी पद म्हणावं म्हणून मी घसा साफ केला. अण्णा म्हणाले, “गाणं तुम्ही कशाला, पोरं म्हणतील,” आणि एकेकीला स्पीकरकडे पाठवू लागले. दोन स्पीकर होते. डाव्यावर हात ठेवायचा, उजव्याला कुणी शिवायचं नाही. हे ऐकताच बायकांची खात्री पटली की उजवा सोवळ्यात आहे. ढोल सुरू असताना पहिल्या मजल्यावरच्या पद्मक्कांनी पुढे होऊन उजव्या स्पीकरला न शिवता, वरून, हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले. पाठोपाठ सगळ्यांनी वाहिलं. मी सुशिक्षित बाई, हे सगळं ओठ दाबून पाहत होते. माझी पाळी आली तेव्हा मीही वाहिलं.

अण्णांनी ते कुंकू पुसलं नाही. अजून आहे.

दिवाळीनंतरच्या सोसायटीच्या बैठकीत मात्र शर्मिलाने सांगितलं की एक तर अण्णांचे स्पीकर बंद होतील किंवा तिची नोकरी जाईल. मुलगी रडवेली झाली होती आणि तिचं चुकत नव्हतं. अण्णा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारलं, आवाज कमी केला तर चालेल का? भिंतीतून नुसती धडधड येते, तीच नको आहे, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, “धडधड नसेल तर मग काय उपयोग?” सगळे हसले. मीही हसले. ठराव झाला की स्पीकर बंद, आणि तो अमलात आणण्याचं काम सेक्रेटरीचं.

मला व्यवस्थित उपाय सुचल्याशिवाय झोप लागत नाही. मी हेडफोन आणला. चांगला, मऊ गाद्यांचा. दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच वर गेले आणि छोटं भाषण केलं: आवाज हवा तेवढा मोठा, ढोल आहेत तेवढे, पियानो आहे तसा आणि शर्मिलाची नोकरी सुरक्षित. अण्णांनी ऐकून घेतलं. माझं मन राखायला हेडफोन डोक्यावर चढवला, सहावं गाणं लावलं आणि डोळे मिटून थोडं ऐकलं. मग काढून माझ्या हातात परत दिला.

“याच्यात हात कुठे ठेवायचा, अक्का?”

मी म्हटलं, हात कशाला ठेवायचा? गाणं कानाने ऐकतात.

अण्णा पाणी आणायला गेले. ते आले आणि पहिल्यांदाच पत्नीविषयी बोलले. त्यांचं नाव सुमित्रा. मुलांना पियानो शिकवत. मग कान जात गेले, हळूहळू, आणि यंत्र लावलं तर सूर सगळे वाकडे ऐकू येत, म्हणून त्या ते काढून ठेवत. शिकवणं बंद केलं. पियानो विकायला त्यांनीच लावला. म्हणाल्या, समोर बसून राहतो आणि बोलत नाही, नको. अण्णांनी भजनं लावून पाहिली, सनई लावून पाहिली. त्यांना काहीच पोचेना. एक दिवस अण्णांना बाजारात सीडीच्या ढिगात हे मुखपृष्ठ दिसलं. डोंगरावर पियानो आहे म्हणजे आत पियानोच असणार, असा दातांच्या डॉक्टरांनी तर्क केला आणि बायकोसाठी पॉवर मेटल घेऊन घरी आले.

लावताच हे सगळं सुटलं. ते घाबरून बंद करायला उठले. सुमित्राबाई त्या वेळी उजव्या स्पीकरला हात टेकून मागच्या तसबिरीवर फूल ठेवत होत्या. त्यांनी हात उचललाच नाही.

“म्हणाली, थांबा हो, मला ऐकू येतंय.”

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं तिथे बसत. ढोल लाकडातून तळव्यात येत. आणि सहाव्या गाण्यात ढोल थांबले की पियानोचे खालचे सूर येत, अगदी बारीक, मुंगी चालल्यासारखे. ते कळले की त्यांची करंगळी हलायची. विद्यार्थ्याला ठेका देताना हलायची तशी.

“मी गाणं नव्हतो ऐकत अक्का,” अण्णा म्हणाले. “मी करंगळी बघत होतो.”

उजव्या स्पीकरच्या कडेला, कुंकवाच्या खाली, पॉलिश पंजाएवढ्या जागेत उडालेलं होतं. मी इतक्या वेळा तिथे उभी राहिले होते, आणि मला सोवळं दिसलं होतं, हात दिसला नव्हता.

पुढचं काम सेक्रेटरीचं होतं आणि ते मला येतं. शर्मिलाला विचारलं, दुपारी कधी बाहेर असतेस? ती चारला जिमला जाते आणि पाचच्या सुमारास परतते. मग नोटीस काढली की वरची बैठक यापुढे चारला भरेल. शर्मिलाने स्वतः ती लिफ्टमध्ये चिकटवली. हेडफोन तिला देऊन टाकला. ती म्हणते, मीटिंगला उत्तम आहे.

आणि मुक्ता, तुला आपल्या खात्यात जे दिसलं तो माझा अभ्यास. तुम्ही पाठवलेल्या त्या छोट्या स्पीकरवर हात ठेवून मी दुपारी सहावं गाणं लावत होते. पियानो तळव्यात येतो का ते बघत होते. आला नाही. स्पीकर प्लास्टिकचा आहे, आणि माझे कान अजून शाबूत असल्यामुळे मधेमधे येतात.

परवा चार वाजता वर गेले. अण्णांनी माझा हात डाव्या स्पीकरवर ठेवला. ‘स्वल्प सोसा’ झालं. वारा, घंटा, दगड. सहावं गाणं आलं. ढोल थांबायच्या बेताला आले आणि मी ठरवून आले होते त्याप्रमाणे करंगळी हलवली. कळू नये इतपत हळूच. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आनंद.

“घाई केलीत अक्का,” अण्णा म्हणाले. “यायचा आहे अजून.”

मी इतकी ओशाळले की मान वर करवेना. माझे कान तापले होते आणि त्यात रक्ताचाच ढोल वाजत होता. त्यामुळे ढोल कधी थांबले ते मला ऐकूच आलं नाही. फक्त तळहाताखाली काहीतरी बारीक चालत गेलं. मी दचकून हाताकडे पाहिलं. करंगळी हलत होती, आणि तो हात माझाच आहे हे ओळखायला मला एक क्षण लागला.

अण्णा वाकून बघत होते. बराच वेळ बघत राहिले, ढोल परत आले तरी.

“सरी,” ते म्हणाले.