तळ्याला वळसा

बायकोलाही सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो. आमच्या इमारतीत तुकोजीअण्णांना सगळे वेडे समजतात, ते माझ्यामुळे.

बसस्टॉपवरून आमचं गेट समोर दिसतं. सरळ आलं तर दोन मिनिटं. अण्णांना माझ्याकडे यायला पंचवीस लागतात. औषधाच्या दुकानावरून, जिमच्या मागून, शाळेच्या भिंतीला धरून, धोतर जरासं उचलून ते येतात. वॉचमन विचारतो, "अज्जा, आज होडी नाही आणली?" मी सरळ यायला सांगितलं की चिडतात. "तळ्यातून येऊ? चप्पल भिजेल की हो!"

तळं आता नाही. त्यावर आम्ही राहतो.

अण्णांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलं; मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. या उपनगराचा इतिहास त्यांनी मला एका दमात शिकवला. "स्वल्प ऐका. तळं होतं म्हणून भाजी. भाजी म्हणून बाजार. बाजार म्हणून बस. बस म्हणून कारखाना, कारखाना म्हणून कॉलनी, कॉलनी म्हणून तुम्ही." पुढची पायरी ते भिडेखातर गाळत. शहरातल्या जयनगरला निघाले की अजून "बेंगळूरला जातो" म्हणतात. आपण बेंगळूरमध्येच आहोत म्हटलं, तर म्हणाले, "ते आलं इकडे. मी कुठं गेलोय?"

इमारतीमागे तळ्याचा एक कोपरा उरला होता. तिथे पार्किंग करायचं ठरत होतं, त्या मीटिंगला अण्णा येऊन उभे राहिले. "हे तळं आहे. बुजवू नका."

सेक्रेटरी हसले. "अंकल, झील कहाँ? नाला है."

जुने लोक घरं विकून केव्हाच लांब गेलेले. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. यांनी पाहिलंय."

पाहिलं होतं. पहिल्या वर्षी, ही इमारत व्हायच्या आधी मी जवळच भाड्याने राहत होतो तेव्हा, आमचा गणपती त्यांनीच तिथे नेला होता. मला पोहता येत नाही, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात माझा दंड घट्ट धरून उभे राहिले होते.

पण तळं कबूल केलं, तर त्यावरचा फ्लॅट उद्या कोण घेणार? मी म्हणालो, "मी आलो तेव्हा मैदानच होतं."

सगळे हसले. अण्णा हळूच म्हणाले, "सरी, असू दे. विसरले असतील. कामं फार असतात त्यांना."

आठवड्यात कोपरा बुजला. तेव्हापासून हा वळसा.

गेल्या रविवारी ते धापा टाकत आले. मी विचारलंच, "अण्णा, एवढं चालून माझ्याकडे कशाला येता?"

कॉफी बशीत ओतत म्हणाले, "बायको गेली. मुलं कन्नड बोलतात, नातवंडं इंग्लिश. मराठी बोलायला तुम्ही एकटेच उरलात हो. तुमच्याशी भांडून कसं चालेल?"

मी साखर पुरे का, एवढंच विचारलं.

त्या मीटिंगमधल्या माणसांसमोर बोलायचं एक वाक्य मी अण्णांचं अजून देणं लागतो: इथे तळं होतं, मी त्यात उतरलो होतो.