चाळीस शेरांचा बैल

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला जयवंता हलणार नाही, हे महादेवरावांनी ठरवून टाकलं होतं. हलूच शकणार नाही.

"पोर सव्वीस शेर, बैल चाळीस शेर," ते गोपिकाबाईंना म्हणाले. "हिच्या कमरेले दोर, दोराले बैल. आता सांग, कोण कोणाले ओढन?"

महादेवराव कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होते. लेकीला त्यांनी खरोखरच रुईच्या गाठींच्या काट्यावर चढवून तोललं होतं. तेही तीनदा, कारण दोनदा काटा स्थिर व्हायच्या आत ती उतरून गेली.

"आधी जेवा जी. वरण निवून राहिलं," गोपिकाबाई म्हणाल्या. पण महादेवराव दोन घास खाऊन दोर शोधायला उठले होते.

जयवंता आठ वर्षांची. शाळेतून तिला घरी पाठवून महिना झाला होता. वर्गात ती बसत नसे असं नाही. बसे, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी. पाढे म्हणता म्हणता खिडकीत, खिडकीतून चिंचेवर. मुख्याध्यापिका प्रेमलताबाई मोहल्ल्याच्या तान्ह्या पोळ्याला पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. तोरण तुटेपर्यंत मुलं आपापले लाकडी बैल घेऊन अर्धा तास रांगेत उभी राहतात. "तेवढा वेळ जागेवर राहिली, तर सोमवारी पाठवा," बाईंनी बजावलं होतं. "नाहीतर नाव कमी करते."

म्हणून महादेवराव लकडगंजला नत्थूजी सुतारांकडे गेले. नत्थूजी आता सत्तरीतले. महादेवरावांच्या वडिलांच्या, बापूजींच्या वेळेपासून घरचं सगळं लाकूडकाम त्यांचंच.

"सागाचा. भरीव. चाळीस शेर," महादेवरावांनी सांगितलं. "अन् बिनचाकाचा."

"बिनचाकाचा?" नत्थूजींनी रंधा खाली ठेवला. तान्ह्या पोळ्याचा बैल चाकांवरच चालतो, हे नागपुरातल्या तान्ह्या बाळालाही ठाऊक. ते काही बोलणार, तोवर महादेवराव समोरच्या दुकानातला भोवरा पाहायला गेले होते.

पोळ्याच्या दिवशी नत्थूजींनी बैल बंडीत लादून थेट मैदानावर आणला. शिंगांना बेगड, पाठीवर जमिनीला टेकणारी झूल. महादेवराव तपासायला वाकले, झुलीचा काठ हातात धरला, आणि तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाला डफ वाजायला लागला. ते जरा पाहून आले. आल्यावर तीन गाठी मारून दोर बांधला आणि खिशातून घड्याळ काढलं.

एक मिनिट. दोन. जयवंता खांबासारखी उभी. रांगेतली साठ मुलं चुळबुळत होती, ती नव्हती.

"पाहा गा भैयाजी," महादेवराव शेजाऱ्याला म्हणाले. "याले म्हणतात वजन."

तीन. चार. मग एक बकरी आली आणि खांबाजवळून तोरणाची आंब्याची पानं खाऊ लागली.

"बाबा, बकरी तोरण खाऊन राहिली," जयवंता म्हणाली, आणि निघाली.

आणि तिच्यामागून चाळीस शेरांचा बैल निघाला. आवाजसुद्धा न करता. झूल उडाली तेव्हा महादेवरावांना चाकं दिसली. चार. नवी. तेल दिलेली.

बकरीनं तोरणाचं टोक दातांत धरूनच धूम ठोकली. तोरण तुटलं. आता, तोरण तुटलं की पोळा फुटला. ते कोणी तोडलं हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. "फुटला, फुटला" करत साठ मुलं साठ बैल घेऊन घरोघर बोजाऱ्याचे पैसे मागायला पांगली. मैदानात उरले ते पूजेचं ताट धरलेले भैयाजी. ओवाळायला समोर एकही शिंग नव्हतं.

मैदानापुढे उतार होता. उतारावर बैलानं जयवंतेला गाठलं. तिनं क्षणभरही विचार न करता त्याच्या पाठीवर उडी घेतली. एकूण सहासष्ट शेर, महादेवरावांच्या डोक्यात आपोआप बेरीज झाली, आणि ते एक चप्पल टाकून धावत सुटले. कारण समोरून टांगा येत होता. टांग्यात प्रेमलताबाई होत्या.

घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. महादेवरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बैलाची पुढची चाकं रस्त्याकडेच्या चिखलात रुतली होती आणि वर जयवंता शाबूत बसली होती.

बाई खाली उतरल्या. "पोळा?"

"फुटला," जयवंता म्हणाली. "बकरीनं फोडला. तुम्ही उशिरा आल्या जी."

बाई महादेवरावांकडे वळल्या. "किती वेळ उभी होती?"

धापा टाकत त्यांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास म्हणायचं मनात आलं होतं. पण काट्यावरचा माणूस, जिभेनं ऐकलं नाही. "चार मिनिटं."

प्रेमलताबाईंनी बैलावरच्या जयवंतेकडे पाहिलं. सोमवार गेला, महादेवरावांना वाटलं. शाळाही गेली.

"वर्गात दोनच्या पुढे कधी गेली नव्हती," बाई शेवटी म्हणाल्या. "दुप्पट झाली. सोमवारी पाठवा. बैल घरीच ठेवा."

महादेवराव रस्त्याच्या कठड्यावर बसले आणि लगेच उठले, कारण बैल काढायला नत्थूजी आले होते. मागून गोपिकाबाई दुसरी चप्पल घेऊन आल्या.

"नत्थूजी, बिनचाकाचा सांगितला होता ना? चाकं काहून लावली गा?"

नत्थूजींनी बैलाच्या पायाचा चिखल पुसला.

"तुमच्या बापूजींनीबी बिनचाकाचाच सांगितला होता. तुमच्यासाठी. तेव्हा मी देल्ला. तुम्ही त्याले फरफटत पार तलावापर्यंत नेलं, चारही पाय गुडघ्यापर्यंत झिजले. म्हटलं, या खेपेस निदान बैल तरी वाचवू."