मौनाचा शनिवार आणि गळका नळ

माणूस पारखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी मानत होते. अर्थात नम्रतेनंच! सिस्टर व्हायचं म्हणून आमच्या मठात येणाऱ्या मुलींपैकी कुणाला देवाचं खरंच पाचारण आहे आणि कोण घरच्यांच्या लग्नाच्या तगाद्याला कंटाळून आलीय, हे ओळखायचं काम माझ्याकडे होतं.

"मदर, मुलगी उंबऱ्यावर उभी राहिली की मला कळतं!"

"उंबऱ्यावर मुलगी उभी राहून वर्षं झाली, सिस्टर," मदर म्हणाल्या. "उद्या एक येतेय. दिवसभर राहून बघणार. मन बसलं तर इथे, नाहीतर सोमवारी बँकेत रुजू होणार. जरा जपून."

"तुम्ही निर्धास्त राहा!"

"आणि स्वयंपाकघरातला नळ गळतोय. प्लंबर कुणालातरी पाठवतोय. तेवढं बघा."

उद्याचा शनिवार मौनाचा होता. दुपारच्या घंटेपर्यंत मठात कुणी बोलत नाही. चिठ्ठीसुद्धा लिहायची नाही, तीही बडबडच. पाहुण्यांनाही तोच नियम.

सकाळी दार उघडलं, तर समोर एक तरुणी. करडे कपडे, घट्ट वेणी, हातात लहानशी पिशवी, नजर जमिनीला खिळलेली. काय ती विनम्रता! ती काही बोलणार, तोच मी ओठांवर बोट ठेवलं, तिचा हात प्रेमानं धरला आणि तिला थेट प्रार्थनागृहात नेलं.

तिनं चौफेर पाहिलं, वेदीजवळच्या भिंतीपाशी गेली आणि गुडघे टेकले. मग कान भिंतीला लावून डोळे मिटले. प्रार्थनेत मला आजवर नुसती झोप लागली होती. हिची पाच मिनिटांत समाधी लागली! थोड्या वेळानं तिनं भिंतीवर हलकेच टकटक केलं. प्रार्थना म्हणजे देवाचं दार ठोठावणं, असं म्हणतात. ही तर भिंतच ठोठावत होती! माझे डोळे भरून आले. मी माझी जपमाळ तिच्या हातात ठेवली. ती बावरून माझ्याकडे बघतच राहिली. साक्षात्काराच्या वेळी माणूस असंच बघतं.

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. हेल्मेट काखेत, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, पाठीवर भली मोठी सॅक आणि अशी धिप्पाड पोरगी! ही प्लंबर, हे काय सांगायला हवं? मी तिला स्वयंपाकघरात नेऊन नळ दाखवला, फडताळातला पाना हातात दिला. तिनं पान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान लववून नमस्कार केला आणि नळाला भिडली. प्लंबरसुद्धा किती भाविक असतात!

मी प्रार्थनागृहात समाधीवालीशेजारी जाऊन गुडघे टेकते न टेकते, तोच गुडघे ओले झाले. धावत स्वयंपाकघरात गेले, तर नळ पोरीच्या हातात आणि पाणी छताला! ती दोन्ही तळव्यांनी पाइप दाबून उभी, नखशिखांत भिजलेली, पण तोंडातून ब्र नाही. मी हातवारे केले. तिनं मानेनं केले. बुडणाऱ्या जहाजावर मुकाभिनय चालावा, तसा प्रकार! शेवटी, आजवर कधी मौन न मोडलेली मी, मठ हादरेल अशी किंचाळले, "पाणीऽऽ!"

समाधीवाली धावत आली. "मेन कॉक कुठाय?"

मी घाबरून वर बोट दाखवलं.

"देव नको, सिस्टर! कॉक!"

तिनंच तो जिन्याखाली शोधून बंद केला. तेव्हा कुठे घंटा झाली.

"तू प्लंबर?" मी विचारलं.

"मग कोण? भिंतीतला पाइपही गळतोय, कान लावून ऐकला मी. आणि ही माळ घ्या. इतक्या प्रेमानं कुणी प्लंबरचा हात धरत नाही हो! मला नवरा आहे, दोन पोरं आहेत."

मी धिप्पाड पोरीकडे वळले. ती केस पिळत होती.

"मला वाटलं, आज्ञापालनाची परीक्षा आहे! जन्मात पहिल्यांदा नळ खोलला मी."

"ते दिसलं," प्लंबर म्हणाली.

झालं! इतक्या वर्षांनी आलेली एकुलती एक मुलगी मी घालवली. सोमवारची बँक मला डोळ्यांसमोर दिसू लागली. मागे मदर, झग्याचा काठ वर धरून, घोटाभर पाण्यात उभ्या.

पोरगी मात्र पालथ्या बादलीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "मदर, मी राहीन म्हणते. येताना फार भीती होती. वाटलं, इथे सगळ्या संत. माझ्यासारखीचा काय निभाव लागणार! आता भीती गेली."

"कशानं गं?" मी हळूच विचारलं. माझा संयम तिनं पाहिलाच होता.

"तुमच्याकडे बघून! तुम्हाला ठेवून घेतलंय, म्हणजे मलाही घेतील."

मदर भिंतीकडे तोंड करून खोकल्या. फार वेळ खोकल्या.

त्याच संध्याकाळी पारखण्याचं काम माझ्याकडून गेलं आणि नळांचं आलं. आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, पाना उचलला! आता कुठल्याही घराच्या उंबऱ्यावर उभी राहिले, की मेन कॉक कुठे असेल ते मला कळतं. अर्थात नम्रतेनंच सांगते. प्रार्थनागृहातली भिंत मात्र अजून ओली आहे.