बुडालेल्या कंपन्यांचा दहावा

कंपनी बुडाली की लोक वकील गाठतात. आमचे टिपणीस सर कावळा गाठतात.

थांबा, नीट सांगतो. लोणावळ्याला, वलवणच्या धरणाच्या अंगाला आमचं कॉलेज. तिथं मी कॉम्प्युटरच्या पोरांना गणित शिकवतो आणि टिपणीस सर त्याच पोरांना उद्योग व्यवस्थापन. आता कॉम्प्युटरच्या पोराला धंदा शिकवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. येत नाही असं नाही, पाण्यात उतरायचंच नसतं. गिऱ्हाइकाशी पाच मिनिटं बोलण्याऐवजी ही पोरं महिनाभर खपून गिऱ्हाइकाशी बोलणारा प्रोग्रॅम लिहितील. म्हणून सरांनी नियमच केलाय. सहामाहीच्या सुरुवातीला प्रत्येकानं एक खरी कंपनी काढायची आणि खऱ्या माणसांना खरं काहीतरी विकायचं. परीक्षा येईतो त्यातल्या बहुतेक बुडतात. बुडाल्या की सर त्यांचा दहावा घालतात.

अगदी रीतसर हं. कँटीनमागच्या जांभळाखाली सतरंजी. खुर्चीवर कंपनीचा लोगो फ्रेम करून, त्याला हार. वर्गाच्या ग्रुपवर आधी काळ्या चौकटीतला निरोप गेलेला असतो : 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' सर पांढरा सदरा घालून येतात आणि नाटकातल्या आवाजात बोलतात, "कंपनी स्वभावानं फार मनमिळाऊ होती. कधी कुणाला नाही म्हणाली नाही. त्यातच गेली."

शेवटी पत्रावळीवर बटाटेवडा ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. मृताची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे आपण जाणतोच. सरांचं शास्त्र असं की, कंपनी का बुडाली याचं खरं कारण मालकाच्या तोंडून येईपर्यंत कावळा शिवत नाही.

एकदा श्रावणी नावाच्या मुलीच्या कंपनीचा दहावा होता. लोणावळ्यात सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा कुठं आहे, ते सांगणारं अॅप. वडा ठेवला. कावळे फांदीवर ओळीनं बसलेले, एक हलेना.

"जाहिरात कमी पडली," श्रावणी म्हणाली.

कावळे गप्प.

"सर्व्हर बंद पडायचा."

एका कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

"खरं बोला," सर गंभीरपणे म्हणाले, "कावळा ऐकतोय."

श्रावणी रडकुंडीला आली. "सर, आम्ही एकाही गाडीवाल्याशी बोललोच नव्हतो!"

फडफड झाली आणि वडा उचलला गेला. मी गणिताचा माणूस. योगायोग मला समजतात. तरी त्या दिवशी मी कावळ्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तुषारची कंपनी बुडाली.

तुषार आंदर मावळातला. वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारा. घरचा इंद्रायणी तांदूळ वराळ्याच्या नव्या सोसायट्यांमध्ये थेट विकायचा, अशी त्याची कंपनी. अॅप देखणं होतं. फक्त गावात रेंज नव्हती. ऑर्डर आली की नाही हे बघायला त्याचे वडील रोज दोनदा फोन घेऊन टेकाड चढायचे. तरी ऑर्डर तीन दिवसांनी कळायची. तोवर गिऱ्हाईक दुकानातला तांदूळ शिजवून जेवून मोकळं. दोन महिन्यांत खेळ आटोपला.

वर्गानं शिरस्त्याप्रमाणे काळ्या चौकटीतला निरोप तयार केला. लोगो घातला, हार घातला, 'दुःखद निधन' लिहिलं. सरांनी न बघताच 'छान' म्हणून टाकलं. कुणीतरी हौसेनं तो स्टेटसला ठेवला.

आता घोटाळा असा की, तुषारच्या कंपनीचा लोगो म्हणजे त्याच्या वडिलांचा टोपी घातलेला फोटो होता.

ज्या गावात ऑर्डर पोचायला तीन दिवस लागत, तिथं ही बातमी तासाभरात पोचली. दुसऱ्या दिवसापासून तुषार कॉलेजात नाही. फोन लागत नाही. परीक्षा दहा दिवसांवर आली, तेव्हा त्याचा मित्र सांगत आला : तुषार म्हणतोय, आता मी येत नाही, शिक्षण बास.

सरांचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. "अहो गणित," ते म्हणाले, "गाडी काढता का?"

गाडी जिथवर जाते तिथवर गेलो, पुढं चालत. वाटभर सर माफीचं भाषण घोकत होते. आधी नम्र, मग करुण, शेवटी जरा तात्त्विक. तुषारचे वडील ओट्यावर विळा पाजवत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी टोपी सारखी केली.

"या. माज्या मयताला आलाय जनू? उशीर केलासा."

सरांचं भाषण तिथंच संपलं.

"आबा, चूक माझी आहे..."

"मी मेलो, ते मलाच समद्यात शेवटी कळलं बघा. मेव्हना टेम्पो भरून मानसं घिऊन आला. बहिनीनं येशीपासनं गळा काढलेला. मी म्हनलं, अगं बाई, मी हितं बसलोय! तवा ती आनखी रडाय लागली. बारा मानसांचा चहा केला आमी. माज्याच मयताचा!"

मला हसू आवरेना. मी पायातल्या चपलेकडं बघत राहिलो. पण आबांचा आवाज खाली आला.

"माजं सोडा. पोरगं आठ दिस भाकरीला बसंना. म्हनतंय, मी बापाचं नाव बुडवलं. तुमी शिकल्याली मानसं. पोराचं बुडलं, तर त्याचं आसलं सोंग कशापायी करता वो?"

आता सर काहीतरी नाटकी बोलणार, म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. ते ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"आबा, माझी पण एक कंपनी होती. पुण्यात. आम्ही चौघं मित्र. बुडाली. त्या दिवसानंतर तिघांनी माझा फोन उचलला नाही. घरात माणूस गेलं तर शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात, गप्प का होईना, शेजारी बसतात. कंपनी गेली तर लोक जिना चढताना आपल्या मजल्यावर पाय हळू टाकतात. मी आठ महिने दाराशी पावलं ऐकायचो. कुणी बेल वाजवली नाही." त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. "म्हणून चार माणसं जमवतो, बस. सोंग केल्याशिवाय ती जमत नाहीत."

पंधरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून मला हे माहीत नव्हतं.

आबांनी विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवला. मग आत तोंड करून ओरडले, "तुषा! भाईर ये. मास्तर आल्यात."

तुषार दारात आला. दाढी वाढलेली. जमिनीकडं बघत त्यानं विचारलं, "सर... दहावा झाला का?"

"नाही रे. घरचं माणूस नसताना कसा करणार?"

तुषार परत आत गेला नाही. उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "परीक्षेआधी उरकून घेऊ सर. नंतर पोरं घरी जातील."

"माजा फोटू लावायचा न्हाई," आबांनी बजावलं. "आन मी सोता येनार. दहाव्याला भावकी लागती."

"या ना, जरूर या," सर उठत म्हणाले.

"बसा, भाकरी टाकल्यात." आबांनी विळा बाजूला ठेवला आणि सरांकडं पाहिलं. "मास्तर, तुमच्या त्या कंपनीचं दहावं झालतं का?"

"नाही."

"न्हाई ना? मग दोन्ही एकदमच घालू. बहिनीला बी आनतो. लय चांगलं रडती."

तासतासभर कागदाशिवाय बोलणाऱ्या आमच्या टिपणीस सरांनी तुषारकडं पाणी मागितलं, आणि तांब्या तोंडाला लावून बराच वेळ तसाच धरून ठेवला.