आबांचा जर्मन पैलवान

आमच्या शेजारचे विष्णूआबा सायकलला कुलूप लावत नाहीत. "चोर लांब जात न्हाय, वैनी," असं ते मला म्हणाले होते, आणि पुढं अगदी तसंच घडलं. भर दुपारी एकानं दारातली सायकल पळवली. कोपऱ्यावर म्हैस आडवी आली. त्यानं हँडलवर ब्रेक चाचपला, तर तिथं ब्रेकच नाही! घाबरून त्याचा पाय उलटा पडला, चाक जागच्या जागी थांबलं आणि चोर तेवढा पुढं जाऊन मेथीच्या ढिगात पडला. आबा धावत गेले. त्यांनी आधी मागचं चाक तपासलं, मग चोराला उठवलं. घरी आणून त्याला चहा पाजला आणि त्या चाकाची थोरवी सांगायला बसले. बऱ्याच वेळानं तो बिचारा माझ्याकडं बघत कळवळून म्हणाला, "ताई, पोलिसांना बोलवा की!"

आबांच्या सायकलचा ब्रेक हातात नाही, पायात आहे. मागच्या चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्याच्या पोटातच तो बसवलेला. पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. असले हब आता आपल्याकडं कुणी वापरत नाही, पण आबांचा हा जुना जर्मन हब अजून ठणठणीत आहे. थांबताना तो 'कुर्रर्र' असा बारीक आवाज करतो. "जर्मन कसा, आधी कानात सांगतो, मग थांबवतो," असं सांगताना आबांचा चेहरा असा फुलतो की नातवाचं कौतुक चाललंय असं वाटावं. नातू मात्र नाही. आबांनी लग्नच केलं नाही. का, विचारलं तर म्हणतात, "मुलगी बघाय ह्याच सायकलवरनं गेलतो. दारात ऐटीत थांबाय गेलो आणि थेट सासऱ्याच्या मांडीवर पडलो. मुलगी हसली, पर सासरा काय हसला न्हाय." खरंखोटं आबा जाणोत.

या जर्मनाला एक वैरी होता. आबांबरोबर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेले बसाप्पा, राहणार गडहिंग्लज, यांच्याकडं तसलाच हब होता, पण इंग्लिश. बऱ्याच रविवारी बसाप्पा आपलं मागचं चाक पोत्यात गुंडाळून एसटीनं यायचे. येताना कंडक्टरशी तिकिटावरून एक भांडण व्हायचं, म्हणजे आबांच्या दारात पोचेपर्यंत आवाज चांगला तापलेला असायचा.

मग गल्लीच्या उतारावर कुस्ती लागायची. सायकल एकच, चाकं आलटून पालटून. खडूच्या रेघेवर आलं की पायडल उलटं दाबायचं. कमी जागेत थांबेल तो पैलवान जिंकला. पंच मी. मला सायकल येत नाही, हीच माझी पात्रता.

"अण्णा, तुझा जर्मन इचार करत बसतो," बसाप्पा ओरडायचे; कानडी वळणानं आबांना ते अण्णाच म्हणायचे. "तवर म्हैस येऊन धडकती!"

"आणि तुझा इंग्लिश? न सांगता मानगूट धरतो! माणूस हाय का फौजदार?"

निकाल कधीच लागला नाही. कधी कुत्रं आडवं यायचं, कधी बसाप्पांनी मिसळ जास्त खाल्ल्यानं वजनाची तक्रार निघायची. आबा संतापायचे. बरोबरीत सोडवलेली कुस्ती त्यांच्या लेखी कुस्तीच नव्हती. एकाची पाठ मातीला लागलीच पाहिजे. "बरोबरी म्हंजे मीठ न घातलेला रस्सा! निकाली पायजे, निकाली!" हे वाक्य आमच्या मंगळवार पेठेतल्या पोपटांनाही पाठ झालं असेल.

गेल्या दिवाळीनंतर बसाप्पा आले ते गप्पच. कंडक्टरशी भांडणसुद्धा झालं नव्हतं. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "अण्णा, पोरगा बेंगळूरला न्हेतोय. कायमचा. आज काय ते निकाली करून टाकू."

आबा उठले. पाना घेऊन इंग्लिश चाक बसवायला लागले.

आधी बसाप्पा उतरले. रेघेवर पाय दाबला आणि जेमतेम दोन हातांत सायकल खिळली. त्यांनी आजवर इतकं सुरेख कधी थांबवलं नव्हतं. मी तिथं खडूनं खूण केली. मग चाक बदललं आणि आबा निघाले. रेघ आली. कुर्रर्र... जर्मन त्याहून आधीच थांबणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आबा जिंकत होते. आणि मध्येच तो आवाज तुटला. आबांचा पाय सैल पडला, चाक हातभर पुढं आलं, पुन्हा एकदा 'कुर्र' झालं, आणि सायकल बसाप्पांच्या खुणेवर येऊन उभी राहिली.

"बरोबरीत!" आबा ओरडले.

मी बघतच राहिले. बसाप्पांचेही कान काही गेलेले नव्हते. पण ते खाली खुणेकडं बघत राहिले.

"बरोबरीत सुटली," आबा दम खात म्हणाले. "बरोबरीत सुटलेली कुस्ती परत लावाय लागती, बसू. तुला यायलाच लागतंय."

"व्हय की," बसाप्पा म्हणाले. "यप्पा, यायलाच लागतंय." मग आपलं चाक पोत्यात गुंडाळत म्हणाले, "चाक हितंच ठेवतो. फ्लॅटात कुठं ठिवू? आणि परत लावायची तर लागणारच की."

पंचानं रडू नये म्हणून मी आखाड्यात करतात तसे दोघांचे हात धरून वर केले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

परवा रविवारी आबांकडं कोथिंबीर मागायला गेले. दोन्ही चाकं तेलपाण्यासाठी खुंटीला टांगलेली, आणि आबा तेलाची कुपी घेऊन इंग्लिश चाकापाशी. मांडीखाली पोतं तेच, गडहिंग्लजहून आलेलं.

"आबा, जर्मन कोरडा ठणठणीत, आणि इंग्लिशचे एवढे लाड?"

त्यांनी चाक हलकेच फिरवलं, कान लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावण्याचा पैलवान हाय, वैनी. त्येची तालीम चुकवून चालंल व्हय?"