पुरेसं हंगेरियन नसलेलं गाणं

कानातले बोळे काढा आणि ऐका. यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर माझी कवळी माझ्याच घशात अडको! मी तेव्हा ब्रॉडवेवरच्या एका थिएटरात नट्यांचे झगे शिवायचे. माझ्या खोलीची आणि निर्मात्यांच्या कचेरीची मधली भिंत पातळ होती आणि माझे कान लांब.

एर्नो वादनाई बुडापेस्टहून आलेला संगीतकार. आमचे निर्माते लूमिससाहेब, त्यांनी त्याला हंगेरीवरच्या संगीत नाटकाचं काम दिलं. त्याची बायको शारोल्टा दोन वर्षं तिकडेच अडकलेली. ती नेमकी पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बोटीतून उतरणार होती. तिच्यासाठी त्यानं एक गाणं बांधलं होतं.

"बाई, बाकीचं गेलं तरी चालेल," तो मला म्हणायचा, "हे एक राहू दे. तिला पत्रातून कळवून बसलोय."

गाणी पुरेशी हंगेरियन आहेत का ते तपासायला रीतसर समिती नेमली गेली. तीन सभासद. हंगेरी एकानंही पाहिलेली नव्हती, पण एकानं तिथलं गुलाश, म्हणजे मटणाचा रस्सा, खाल्लं होतं, म्हणून तो अध्यक्ष.

"चाल गोड आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण हंगेरियन वाटत नाही."

"अहो, मी तिथलाच आहे!"

"तोच तर घोळ आहे, वादनाई. तुम्ही पडलात घरचे. तुमचं मत निःपक्षपाती कसं धरायचं?"

मग बाहेरचा तज्ज्ञ आणला, ओहायोचा डेलमर बिग्ज. यानं समुद्रसुद्धा चित्रातच पाहिलेला. त्यानं मोजमाप ठरवून दिलं: गाण्यात तीन उसासे, एक रडकं व्हायोलिन आणि शेवटी टाचा आपटणं. शारोल्टाच्या गाण्यात उसासा नव्हताच. ती येणार म्हणून खुशीत बांधलेलं ना ते! शेरा पडला, 'अपुरे हंगेरियन. सुधारणेस वाव आहे.'

बिचाऱ्यानं उसासे घातले. मग बॉस्टनला चाचणीचे प्रयोग झाले. तिथे प्रेक्षकांचे खोकले मोजायचे. बारापेक्षा जास्त झाले की गाणं बाद. जानेवारी महिना, अख्खं बॉस्टन सर्दीनं बेजार! शारोल्टाच्या गाण्याला एक्केचाळीस खोकले पडले.

"साहेब, लोक मध्यंतरातही खोकत होते!" वादनाई रडकुंडीला आला.

"मध्यंतर काढता येत नाही," लूमिससाहेब म्हणाले. "गाणं काढता येतं."

त्या जागी बिग्जचं गाणं आलं. पुढच्या आठवड्यात बाकीचीही सगळी बिग्जचीच.

"मग माझं नाव तरी काढा!"

"डोकं फिरलं का तुमचं? ओहायोवाल्याचं हंगेरियन संगीत ऐकायला येणार कोण?"

ब्रॉडवेवरच्या पहिल्या प्रयोगाला शारोल्टा बंदरावरून थेट आली, बोचकं मांडीवर घेऊन बसली. बिग्जच्या गाण्याला टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतला, वर्तमानपत्रात नाटकांवर लिहिणारा, शेजाऱ्याला सांगत होता, "हे रक्तातच असावं लागतं, बरं का!" तेवढ्यात शारोल्टा ताडकन उभी राहिली. "एर्नो, माझं गाणं कुठंय?" लूमिससाहेब पांढरेफटक!

बरं बाबांनो, कबूल करते. ती उभी राहिली हे मी माझ्या पदरचं घातलं. ती बसूनच होती, डोळे पुसत, टाळ्या वाजवत. "हेच ना रे माझं?" म्हणाली. तो हो म्हणाला.

आणि तुम्ही काय मघापासून हळहळताय? 'आजी, ते खरं गाणं होतं तरी कसं, म्हणून दाखव,' असं विचारलंत एकानं तरी? मला अख्खं पाठ आहे.