रेटनबाख साहेबांचा लोखंडी क्रॉस

दिवाळीला आठवडा असताना प्रमिला तामणकरने देवघरातलं ताम्हन, पळी, समई आणि निरांजनं चिंचेच्या पाण्यात बुडवली, आणि त्यांच्यासोबत हिटलरच्या फौजेतलं एक पदकही बुडवलं. चुकून नाही. नवऱ्याच्या नोकरीचं भलं व्हावं म्हणून, चांगलं समजून-उमजून बुडवलं. दोन तासांनी तारेच्या घासणीने रगडून, फडक्याने कोरडं करून तिने ते समईशेजारी मांडून ठेवलं.

शैलेंद्र संध्याकाळी फॅक्टरीतून आला. एक बूट काढून झाला होता, दुसरा काढता काढता त्याने विचारलं, “रिबन शिवलीस का?”

“शिवली की. उसवलेली सगळी नीट केली. आणि पदक पण लख्ख करून ठेवलंय. अहो, किती काळं पडलं होतं ते. एवढा मोठा साहेब, पण घरात बाईमाणूस नसलं की असंच होतं.”

शैलेंद्रने देवघराकडे पाहिलं. समईच्या बाजूला रेटनबाख साहेबांचा क्रॉस लग्नातल्या करवलीसारखा पिवळाधमक होऊन बसला होता. दुसरा बूट पायातच राहिला.

“प्रमिला, ते काळंच असतं.”

“काळं कुठलं पदक असतं?”

“लोखंडाचं असतं ते. आयर्न क्रॉस. जर्मन लोक लढाईत शौर्य गाजवलेल्या शिपायाला देतात. आयर्न म्हणजे लोखंड.”

प्रमिलाने पदक उचललं आणि तळहातावर उडवून बघितलं. “हे लोखंड? वीस वर्षं भांडी घासतेय मी. चिंचेने लोखंड असं पिवळं होत नाही. पितळ आहे हे, आणि ते पण आपल्या पळीपेक्षा हलकं. मागे काहीतरी लिहिलंय बघा, मला चष्म्याशिवाय लागत नाही.”

शैलेंद्रने पदक उलटं करून दिव्याखाली धरलं. इतकी वर्षं काळ्या रंगाखाली बुजलेली बारीक अक्षरं आता स्वच्छ दिसत होती. मेड इन हाँगकाँग.

तो खुर्चीत बसला, बुटासकट.

रास अल खैमातल्या ज्या कारखान्यात शैलेंद्र तामणकर ॲडमिन ऑफिसर होता, तिथे कमोड आणि बेसिनं बनत. क्लाउस रेटनबाख हे तिथले ग्लेझचे सल्लागार, म्हणजे कमोडला जी चकाकी असते तिचे तज्ज्ञ. वय त्र्याहत्तर. त्यांच्यापेक्षा जास्त ग्लेझ कळणारा एक केरळी केमिस्ट तिथेच होता. तो बसने यायचा आणि साहेबांना ड्रायव्हर होता. पासपोर्टचा रंग बघून पगार ठरवायची पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्यांना नवल वाटतं त्यांनी आखातात जाऊन बघावं.

दर महिन्याच्या एक तारखेला साहेब कोटावर हा क्रॉस लावून पाहणीला निघत. रशियात उणे तीस डिग्रीत त्यांनी एकट्याने एक पूल धरून ठेवला होता, त्याबद्दल हा मिळाला, असं ते सांगत. शैलेंद्र नोकरीला लागला तेव्हा समोर बारा रशियन होते. शहाण्णव सालापर्यंत ते चाळीस झाले होते आणि दोन रणगाडे आले होते. कुणी एका शब्दाने विचारलं नाही की साहेब, पदक दिलं कुणी आणि तो पूल होता कुणाचा. गोऱ्याच्या छातीवर होतं, एवढं पुरे होतं. साहेब क्रॉस लावून आले की सर्वांनी उभं राहावं, असं सर्क्युलर निघालं होतं, आणि ते कुणी सांगितलं नसताना शैलेंद्रने स्वतःच्या हुशारीने काढलं होतं.

शैलेंद्र हा त्या मराठी माणसांपैकी होता, ज्यांना सोसायटीच्या पाण्याची मोटर वेळेवर चालू ठेवता येत नाही, पण देशाला एक हिटलर पाहिजे असं ज्यांचं जेवल्यावरचं मत असतं. डिसिप्लिन म्हणजे जर्मनांचं, हे वाक्य तो सुपारी कातरताना हमखास म्हणायचा.

आता कारखान्याला पंधरा वर्षं होत होती. समारंभ होता, मालक अरबाब स्वतः येणार होते, जर्मनीहून यंत्रं विकणाऱ्या कंपनीची पाहुणी येणार होती, आणि साहेबांचा सत्कार होता. क्रॉसची रिबन उसवलीय म्हणून साहेब कुरकुरले, तेव्हा शैलेंद्र पुढे होऊन म्हणाला, “सर, माय वाइफ, व्हेरी गुड स्टिचिंग.” क्रॉसची डबी त्याच्या हातात आली ती अशी.

त्यात डिसेंबरमध्ये कोणाचं काँट्रॅक्ट पुढे चालवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, ती यादी साहेबांच्या सहीने निघायची. ईशानी दहावीला होती. डिसेंबरात व्हिसा खलास झाला तर मार्चची परीक्षा कुठे द्यायची, या एका प्रश्नावर तामणकरांच्या घरात तीन महिने कोणी नीट झोपलं नव्हतं.

“मग सांगा ना त्यांना खरं,” प्रमिला म्हणाली.

“काय सांगू? सर, तुमचं शौर्य चिंचेत उतरलं?”

ईशानी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बाहेर आली. पदकाच्या मधोमध असलेली खूण बघून ती थबकली. “बाबा, डू यू ईव्हन नो व्हॉट दे डिड? साठ लाख ज्यूज. इट्स इन माय हिस्टरी बुक.”

प्रमिलाने विचारलं, कोणी काय केलं. ईशानीने अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सगळं सांगितलं. छावण्या, आगगाड्या, लहान मुलं. “मला वाटलं आपलं स्वस्तिक आहे,” प्रमिला म्हणाली. “मी कुंकू लावलं होतं हो त्याला.” मग तिने समई, निरांजनं, ताम्हन सगळं परत मोरीत नेलं आणि पहिल्यापासून घासायला घेतलं. शैलेंद्रला डिसिप्लिनबद्दल काही बोलायचं होतं, पण मोरीतला आवाज ऐकून त्याने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पदकाला बुटाचं काळं पॉलिश लावलं. ते बोटांना लागलं, शर्टाला लागलं, मग मालकांच्या पुतण्याशी हस्तांदोलन केल्यावर त्याच्या पांढऱ्या कंदुऱ्याच्या, म्हणजे अरबी झग्याच्या, बाहीला लागलं. पदकाला मात्र लागलं नाही. शेवटी, समारंभ तीन दिवसांवर असताना, तो मेंटेनन्स वर्कशॉपमध्ये दत्ताराम शिगवणकडे गेला.

दत्ताराम दापोलीकडचा फिटर. चौदा वर्षं तिथे. शैलेंद्रपेक्षा वयाने मोठा, पण शैलेंद्र त्याला अरेतुरे करायचा. ऑफिसवाल्यांनी लेबरशी तसंच बोलायचं असतं. आज मात्र तो म्हणाला, “दत्तारामभाऊ, जरा वेळ आहे का तुम्हाला?”

दत्तारामने कानस खाली ठेवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा भाऊ झाल्यावर माणसाने सावध व्हावंच. त्याने सगळी हकीकत ऐकली, पदक उलटंसुलटं केलं, लोहचुंबक लावून बघितला. चिकटला नाही.

“रंग नाय टिकायचा यावर,” तो म्हणाला. “पण लोखंडाचा म्हंतो ना साहेब? मग करूया की लोखंडाचा. हाय काय त्यात.”

“आणि काळा रंग?”

“आपलं सत्तेचाळीस नंबरचं ग्लेझ मारू. काळ्या कमोडाला मारतो ते. छोट्या भट्टीत भाजला की लोखंडाचा बाप सोडनार नाय त्याला.” मग मधल्या खुणेवर बोट ठेवून तो म्हणाला, “ह्ये मात्र मी करनार नाय.”

“अहो, ते नसलं तर साहेब लगेच ओळखतील.”

“वळखू दे. माजा बाप मराठा पलटनीत व्हता. इटलीत जर्मनाची गोळी मांडीत घेऊन आला, मरेपरत लंगडला. त्याला पन मिळालाय बिल्ला, सरकारचा, खराखुरा. आई त्याचं झाकन करून हळदीच्या डब्यावर ठेवते. त्याच्या पोराच्या हातनं ह्ये चिन्न व्हनार नाय. जाईल तर तुमची नोकरी जाईल.”

शैलेंद्रने विनवलं. ईशानीच्या परीक्षेचं सांगितलं. दत्तारामची पण पोरगी दापोलीला बारावीला होती, त्यामुळे तो जरा विरघळला, पण खुणेवरून हलला नाही. “रिकामं नको दिसायला, म्हनून मधी तीन पानं काढतो,” म्हणाला. “आंब्याची. शुभ असतात.”

पहिले दोन क्रॉस भट्टीत तडकले. तिसरा टिकला. कडेला स्टीलची बारीक पट्टी, आत गडद काळं, मधोमध तीन पानं. पाच मीटरवरून बघितलं तर मूळ क्रॉसपेक्षा जास्त मूळ वाटत होता.

समारंभाच्या दिवशी शैलेंद्रने एक शक्कल काढली. साहेब तीनतीनदा क्रॉस मागत होते, आणि हा दरवेळी इन्शाल्ला, येतोय, म्हणत होता. मालकांची गाडी फाटकात शिरली, साहेबांनी चष्मा खिशात टाकला, आणि त्या क्षणी शैलेंद्रने धावत जाऊन क्रॉस स्वतःच्या हाताने त्यांच्या कोटावर टोचला.

“जड वाटतोय,” साहेब म्हणाले.

“नवीन अस्तर लावलंय सर, रिबनला.”

सर्क्युलरप्रमाणे सगळे उभे राहिले. भाषणात चाळीस रशियनांचे पन्नास झाले. टाळ्या पडल्या. मग ती जर्मन पाहुणी, लिंडेमान नावाची तिशीतली इंजिनियर, ओठ घट्ट मिटून साहेबांच्या दिशेने चालू लागली. लांबूनच तिची नजर क्रॉसवर होती.

ती जवळ आली, वाकून बघितलं, आणि तिचा चेहरा सैल झाला. मालकांना कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलली. तिच्या देशात ते जुनं चिन्ह लावून मिरवणं हा गुन्हा आहे, सत्तावन्न सालचा कायदा आहे. लावायचाच तर मधे पानं असलेला लावावा लागतो. “मला वाटलं तुम्ही जुनाच लावलाय. मी मालकांना सांगणार होते की अशा माणसाच्या कारखान्याशी आम्ही व्यवहार करत नाही. बरं झालं, तुम्ही ओकच्या पानांचा लावलात.”

साहेबांनी खिशातून चष्मा काढला. डोळ्याला लावला. छातीवर वाकून ओकच्या पानांकडे बघितलं. आंब्याची पानंही त्यांच्याकडे बघत होती. मालकांनी हसून साहेबांचा हात हातात घेतला आणि फोटोग्राफरने फोटो काढला.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. शैलेंद्र गेला तेव्हा साहेब क्रॉस दिव्याखाली तिरका धरून बघत होते. कमोड पास करताना ते असेच धरून बघायचे. नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला.

“फॉर्टी-सेव्हन,” ते म्हणाले.

शैलेंद्रने खिशातलं पितळी पदक काढून टेबलावर ठेवलं. उलटं. अक्षरं वर.

मग साहेबांनी विचारलं, कोणी बनवला. शैलेंद्रने दत्तारामचं नाव सांगितलं. तीन दिवस भाऊ म्हटलेल्या माणसाचं नाव सांगायला त्याला तीन सेकंद पुरले. पण मग त्याचं त्यालाच काहीतरी खुपलं असावं, कारण तो पुढे म्हणाला, “ते चिन्ह करायला तो नाही म्हणाला, सर. त्याचा बाप इटलीत होता. तुमच्या फौजेसमोर.”

“मी पण इटलीत होतो,” साहेब म्हणाले. आवाज एकदम म्हाताऱ्याचा आला. “पावभट्टीवर. दोन वर्षं फक्त ब्रेड भाजला. एके सकाळी तुमचे लोक आले, बंदुका रोखल्या, आणि ब्रेड मागितला. मी दिला. त्यांनी पाठीवर थोपटलं. युद्धात माझी पाठ थोपटली ती तेवढीच.”

यावर काय बोलावं, हे कुठल्याच सर्क्युलरमध्ये नव्हतं. साहेबांनी पितळी पदक ड्रॉवरमध्ये सारलं, काँट्रॅक्टची यादी पुढे ओढली आणि दोन नावांपुढे खुणा केल्या. तीन वर्षं, दोघांनाही. मग मान वर न करता म्हणाले, “मिस्टर तामणकर, तुम्ही कुटुंबवत्सल माणूस आहात. घरातल्या गोष्टी घरात ठेवता येतात तुम्हाला.”

शैलेंद्र धावतच वर्कशॉपमध्ये गेला. दत्तारामने बातमी ऐकली आणि हात पुसत विचार केला. “चौदा वर्सं खरं काम केलं, तर दर डिशेंबरला पोटात कालवाकालव. येकदा खोटं काम केलं, तर तीन वर्सांची निश्चिंती. हे गनित माज्या बापाला कुनी सांगायला पायजे व्हतं.”

पुढच्या महिन्याची एक तारीख आली. मालकांबरोबरचा फोटो पेपरात छापून आला होता, त्यामुळे साहेबांना आता क्रॉस न लावता येणं शक्यच नव्हतं. ते वर्कशॉपच्या दारात आले, छातीवर सत्तेचाळीस नंबर चमकत होता. रशियन किती होते याबद्दल त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. सगळं वर्कशॉप उभं राहिलं. दत्ताराम तेवढा स्टुलावर बसून नळाचा वॉशर कापत राहिला.

साहेबांच्या मागे वही घेऊन चाललेला शैलेंद्र घाबरून त्याच्याजवळ वाकला. “अहो उठा, सगळे उठलेत.”

“उठू देत,” दत्ताराम म्हणाला. “माज्या हातच्या वस्तूसाठी उठलेत ते. मी कशाला उठू?”